घटातलं पिवळं धान आणि बंद खोलीतली शेती

मागच्या महिन्यात आमच्या रोहण्याच्या गटाकडे एक जण आला. बंद खोली, आत एसी, वर दिवे आणि बारमाही भाजी, असं त्याचं सांगणं. गटाच्या बचतीतून पैसे घाला, म्हणाला. हो म्हणायच्या आधी आम्ही या शेतीचा इतिहास धुंडाळला.

सुरुवात आपल्या देवघरातच सापडली. नवरात्रात आपण घटाभोवती माती पसरून गहू, ज्वारी पेरतो. नऊ दिवसांत धान वीतभर वाढतं, पण पिवळं राहतं. शेजारी अखंड दिवा तेवतो, तरी तेवढा उजेड पुरत नाही. उजेड पुरला नाही तर पानात हिरवेपणा येत नाही. तोवर रोप दाण्यातल्या शिदोरीवर जगतं.

हा उजेड विजेनं द्यायचा प्रयोग इंग्लंडात विल्यम सीमेन्स यांनी 1880 च्या सुमारास केला. दिवसा ऊन आणि रात्री विजेचा दिवा मिळालेली रोपं जोमानं वाढली. पण उघड्या दिव्यानं पानं करपली, म्हणून मध्ये काच लावावी लागली. 1920 मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांनी दाखवलं, की कित्येक झाडांचा बहर दिवस-रात्रीच्या लांबीवर ठरतो. आपली शेवंती रात्र मोठी झाली की कळ्या धरते, ती याचमुळे. म्हणून पॉलिहाउसवाले रात्री दिवे लावून तिचा बहर पुढे ढकलतात. 1990 च्या दशकात जपानात लख्ख निळा एलईडी तयार झाला. त्याच्या संशोधनाला 2014 चं नोबेल मिळालं. मग कमी विजेत रोपाला हवा तो लाल-निळा उजेड देता आला, आणि थरावर थर रचून खोलीत पालेभाजी पिकू लागली.

पण ऊन फुकट, वीज विकतची. हजार वॅटचे दिवे रोज 16 तास लावले तर 16 युनिट, महिन्याला 480. एसीचं वेगळं. अमेरिकेतल्या एरोफार्म्स या नावाजलेल्या कंपनीनंही 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

बैठकीत एका आजीनं विचारलं, "अन् लाइन गेली तं?" त्या माणसाकडे उत्तर नव्हतं. आम्ही नाही म्हटलं.

खोली मात्र सोडली नाही. धिंगरी अळंबीला हिरवं पानच नसतं. ती सोयाबीनच्या कुटारावर, ओलाव्यात, मंद उजेडात वाढते. चार पिशव्या भरल्या आहेत. कसं जमतं ते पुढच्या वेळी सांगू. तुमच्याकडे असं कुणी आलं तर आधी विचारा: युनिट किती लागतील, दर काय, आणि माल घेणार कोण?