हाताची रेषा आणि यंत्र

नवे साधन हाती आले की आरंभी ते जुन्या साधनाचाच वेष धारण करते. शिळाछापावर पोथ्या छापल्या जाऊ लागल्या, तेव्हाही त्यांची पाने हस्तलिखितांसारखीच आडवी, लांबट आणि सुटी राहिली. आपल्यापैकी कित्येकांच्या देवघरांत अशा पोथ्या आजही बासनात बांधलेल्या असतील. संगणकाने कार्टूनपटांच्या क्षेत्रात प्रवेश केल्यावर असेच घडले. परंतु येथे हाताच्या रेषेचा वेष घेणे यंत्रास फार कठीण गेले. त्याचे कारण पाहणे आम्हांस उद्बोधक वाटते.

जुनी पद्धत अशी होती : पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकत, परंतु बहुधा एकच चित्र दोन चौकटींसाठी वापरले जाई, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे पुरत. कागदावरील पेन्सिलीचे चित्र पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईने गिरवायचे आणि मागील बाजूने रंग भरायचे. डिस्ने स्टुडिओत हे जिकिरीचे काम मुख्यत्वे स्त्रिया करीत. १९६१च्या ‘वन हंड्रेड अँड वन डालमेशियन्स’मध्ये गिरवण्याची जागा झेरॉक्स यंत्राने घेतली आणि चित्रकाराची खरबरीत रेषा जशीच्या तशी पडद्यावर आली. १९८९चा ‘द लिटल मर्मेड’ हा या स्टुडिओचा हाताने रंगवलेल्या सेल्युलॉइडवरील शेवटचा मोठा चित्रपट ठरला. पुढच्याच वर्षी ‘द रेस्क्यूअर्स डाउन अंडर’चे रंगकाम संगणकावर झाले.

येथवर यंत्र केवळ मदतनीस होते. ते स्वतःच चित्र काढू लागले, तेव्हा खरा पेच निर्माण झाला. १९८६च्या ‘द ग्रेट माउस डिटेक्टिव्ह’मध्ये बिग बेन घड्याळातील दातेरी चाके संगणकाने आखली, पण त्या आकृत्या कागदावर उतरवून पुढे हातानेच रंगवाव्या लागल्या. १९९९च्या ‘द आयर्न जायंट’मधील लोखंडी राक्षस संगणकाने घडवलेला होता, तर भोवतालची माणसे हाताने काढलेली. राक्षसाची रेषा इतकी निर्दोष होती की ती त्या माणसांत परकी वाटू लागली. मग तिच्यात किंचित थरथर यावी म्हणून मुद्दाम आज्ञावली लिहिली गेली. जो कंप घालवण्यासाठी चित्रकार उमेदवारीची वर्षे घालवतो, तोच यंत्राला शिकवावा लागला!

रंगांचीही हीच कथा. संगणक वस्तूवर पडणारा प्रकाश मोजतो आणि उजेडाकडून अंधाराकडे जाणाऱ्या असंख्य छटा काढतो. कार्टूनकार मात्र दोन-तीन सपाट रंगांत काम भागवतो. म्हणून यंत्राला मर्यादा घालून दिली गेली : अमुक प्रकाशापर्यंत एक छटा, त्यापलीकडे दुसरी. वस्तूचा पृष्ठभाग जेथे नजरेआड वळतो, तेथे काळी कड काढावयाची. ‘सेल शेडिंग’ नावाची ही रीत २०००च्या ‘जेट सेट रेडिओ’सारख्या खेळांतून लोकप्रिय झाली. तरीही ही कड सर्वत्र एकाच नियमाने पडे. चित्रकार कोठे रेषा जाड करतो, कोठे ती सोडूनच देतो. हा विवेक नियमात बसत नव्हता.

त्यावर उपाय सापडला तो पुन्हा हातातच. डिस्नेच्या २०१२च्या ‘पेपरमन’ या लघुपटात संगणकाने घडवलेल्या हालचालीवर चित्रकारांनी स्वहस्ते रेषा काढल्या, आणि यंत्राने त्या मधल्या चौकटींतून पुढे नेल्या. २०१८च्या ‘स्पायडर-मॅन : इन्टू द स्पायडर-व्हर्स’मध्ये तर यंत्राच्या सफाईलाच आवर घातला गेला. नवशिक्या माइल्सची हालचाल अनेक ठिकाणी जुन्या रीतीने दोन चौकटींना एक चित्र अशी ठेवली. वेगामुळे येणारी धूसरता टाळली. स्वस्त छपाईतील रंगीत ठिपके मुद्दाम आणले.

या इतिहासाला एक खिन्न बाजू आहे. २००४च्या ‘होम ऑन द रेंज’च्या सुमारास डिस्नेने हाताने काढलेल्या चित्रपटांकडे पाठ फिरवली आणि अनेक कसलेल्या चित्रकारांना काम सोडावे लागले. २००९च्या ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ने ती परंपरा काही काळ पुन्हा जागवली, इतकेच. म्हणजे ज्यांच्या हाताची नक्कल करण्यासाठी एवढा खटाटोप झाला, ते हातच रिकामे झाले. रेषा कोठे सोडावी हे सांगणारा कोणी असेल, तोवरच यंत्राला ते शिकता येईल. मूळ प्रदेशापासून दूर राहून पिढ्यान्‌पिढ्या भाषेचे वळण जपणाऱ्या घराण्यांना हे निराळे सांगावयास नको. बासनातली पोथी जपणे चांगलेच. पण ती वाचणारा घरात असावा लागतो, तसाच रेषा काढणारा हातही कोठेतरी चालता असावयास हवा.