एकसर

मुंबई उपनगर जिल्ह्याच्या बोरिवली तालुक्यातील जुने गाव. साष्टी बेटाच्या वायव्य भागात, बोरिवली रेल्वेस्थानकाच्या पश्चिमेस ते वसले असून गोराईची खाडी व तिच्या काठची तिवरे तेथून जवळ आहेत. कान्हेरीच्या डोंगरांकडून येणारी दहिसर नदी गावाच्या उत्तरेस याच खाडीला मिळते. लगतच सहाव्या शतकातील मंडपेश्वरची शैव लेणी आहेत. आज सभोवार इमारती दाटल्याने एकसर हे रेल्वेमुळे वाढलेले उपनगर भासते. त्याच्या इतिहासाला मूळ वळण मात्र खाडीने दिले.

याचा सर्वांत भक्कम पुरावा येथील वीरगळांत मिळतो. त्यांवर हत्तींसह भूमीवरील लढाई, तसेच वल्ह्यांच्या रांगा असलेल्या युद्धनौका कोरल्या आहेत. वरच्या पट्टांत वीरांचे स्वर्गारोहण व शिवपूजा दिसते. यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात 1265 च्या सुमारास झालेल्या संघर्षाशी अनेक अभ्यासक ही दृश्ये जोडतात. सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचा उल्लेख यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या ग्रंथात असल्याने या मताला बळ मिळते. काही अभ्यासक मात्र हे वीरगळ अकराव्या-बाराव्या शतकातील मानतात, आणि प्रसंगाचे नाव सांगणारा लेख नसताना एकाच लढाईवर बोट ठेवणे धाडसाचे आहे, हा आक्षेप रास्त आहे. तरीही त्याने मूळ मुद्दा ढळत नाही. वीरगळ जिथे वीर पडला तिथे किंवा त्याच्या गावी उभारला जाई. कोणतीही शक्यता धरली, तरी आरमारी युद्धाशी एकसरचे नाते उरतेच.

पुढे 1534 च्या वसई तहाने हा प्रदेश पोर्तुगीजांकडे, 1737 मध्ये मराठ्यांकडे आणि 1774 मध्ये इंग्रजांकडे गेला. 1957 मध्ये तो बृहन्मुंबईत आला. शहरात मिसळल्यावर गाव वेगळे नोंदवण्याचे कारण काय, असे विचारता येईल. परंतु ही शिल्पे नुसती ‘बोरिवलीतील’ म्हटली, की त्यांवरील नौकांचा खाडीशी असलेला संबंध दृष्टिआड होतो. संग्रहालयात ती ऊनपावसापासून वाचतील, हे खरे; पण गावापासून तुटल्यास त्यांची निम्मी साक्ष हरवेल. म्हणून त्यांचे जतन जागच्या जागी, खाडीकाठच्या गावाच्या संदर्भासह व्हायला हवे.