उजूर, हरकत आणि तक्रार : विरोधवाचक शब्दांतील अर्थभेद

माण तालुक्यातील म्हसवड हे माने देशमुखांच्या वतनाचे गाव. मराठेशाहीत वतन म्हणजे केवळ उत्पन्न नव्हे. मानपान आणि घराण्याची प्रतिष्ठा त्यावर अवलंबून असे. म्हणून वतनी कागदपत्रांतील विरोधवाचक शब्दांचा अर्थभेद पाहणे अगत्याचे ठरते.

‘उजूर’ हा मूळचा अरबी शब्द, अर्थ सबब. सनदांच्या अखेरीस ‘दरसाल ताजे सनदेचा उजूर न करणे’ अशी आज्ञा आढळते. दरवर्षी नवी सनद हवी, या सबबीवर अंमलदाराने वतनदाराचा हक्क अडवू नये, हा तिचा आशय. ‘हरकत’ अरबीत हालचाल दर्शविते. मराठीत तोच शब्द चालत्या कार्यास आलेला अडथळा दाखवू लागला. ‘तक्रार’ म्हणजे मुळात पुनरुक्ती. त्यातून वाद व गाऱ्हाणे हे अर्थ निघाले. सारांश, उजुरात सबब, हरकतीत अडथळा आणि तक्रारीत वाद प्रधान आहे.

१८४८ मध्ये सातारा राज्य खालसा झाले आणि या मुलखात इंग्रजी कायद्याची परिभाषा रूढ होऊ लागली. तिच्यातील भेद निराळ्या तत्त्वावर आहेत. ‘ऑब्जेक्शन’ कामकाजातील विशिष्ट कृतीवर घेतले जाते. ‘डेमरर’मध्ये प्रतिपक्षाची हकीकत क्षणभर मान्य करून, तीवरून कायद्याने दावाच उभा राहत नाही, असे म्हटले जाते. ‘कॅव्हिएट’ ही आगाऊ सूचना. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १४८-अ प्रमाणे ती ९० दिवस टिकते. धर्मशास्त्रानेही प्रतिवादीच्या उत्तराचे मिथ्या, संप्रतिपत्ती, प्रत्यवस्कंदन व प्राङ्न्याय असे चार प्रकार मानले. मात्र डेमररशी त्यांपैकी एकही तंतोतंत जुळत नाही.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार फेरफाराच्या नोटिशीनंतर हितसंबंधी व्यक्तीने मुदतीत हरकत घेतल्यास ती गाव नमुना सहा-अ मध्ये नोंदविली जाते, आणि सुनावणीवाचून निर्णय होत नाही. नोंद प्रमाणित झाल्यावर मात्र अपिलाचा मार्ग धरावा लागतो. नुसते गाऱ्हाणे सांगून मुदत थांबत नाही. हरकत घेतली की महसुली बोलीत तो फेरफार ‘तक्रारी’ होतो : अडथळ्याचे रूपांतर वादात होते, आणि दोन्ही शब्द आपापल्या अर्थाने उभे राहतात.