पानिपत : तीन पुस्तकं आणि एक प्रश्न

युद्धावरची कोणती पुस्तकं वाचावीत, असं आम्हाला नेहमी विचारलं जातं. यादी लांबलचक देता येईल. पण आज एकाच लढाईवरची तीन पुस्तकं सांगतो. लढाई आपल्या रोजच्या बोलण्यातली आहे. ‘संक्रांत कोसळली’, ‘विश्वास पानिपतात गेला’ असं आपण अजूनही म्हणतो. १४ जानेवारी १७६१ हा दिवस भाषेत इतका मुरला आहे, की त्याआधीचे अडीच महिने आपल्याला दिसतच नाहीत.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. एकदा वर्गात ‘घडून गेल्यावरचं शहाणपण’ समजावताना पानिपतचा दाखला दिला आणि भाऊसाहेबांच्या चुका फळ्यावर ओळीनं मांडल्या. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. वडील फौजेत होते त्याचे. म्हणाला, “सर, यातली कुठली चूक त्या दिवशी चूक म्हणून दिसत होती?” आम्ही निरुत्तर झालो. ज्या दोषावर बोलत होतो, तोच आमच्या हातून घडत होता. त्यानंतर ही पुस्तकं पुन्हा, वेगळ्या नजरेनं वाचली.

पहिलं, विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ ही कादंबरी, १९८८ची. यातले संवाद लेखकाचे आहेत, पुरावा म्हणून त्यांच्याकडे जाऊ नये. पण कादंबरी एक गोष्ट करते : उद्या काय होणार हे ठाऊक नसलेल्या माणसांबरोबर ती आपल्याला छावणीत बसवते. उपासमार, थंडी, न येणारी रसद.

दुसरं, त्र्यं. शं. शेजवलकर यांचं ‘पानिपत’. आधी इंग्रजीत आलं, १९४६ साली. उपासमार का झाली, हे कळायला कादंबरीनंतर इतिहास हवाच. ऑक्टोबर १७६०मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतला, तेव्हा धान्यही मिळालं आणि उमेदही. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीनं बागपतजवळ यमुना ओलांडली आणि दक्षिणेची वाट तुटली. म्हणजे ज्याला आपण घोडचूक म्हणतो, तिच्या अगदी शेजारी विजय उभा होता.

तिसरी, काशीराजाची हकिगत. मूळ फारसी, इंग्रजी भाषांतर मिळतं. हा दक्षिणी ब्राह्मण शुजाउद्दौलाच्या चाकरीत होता, म्हणजे समोरच्या गोटात! तहाच्या बोलण्यांत तो मध्ये होता. भाऊंची शेवटची चिठ्ठी आपल्याकडेच आली, असं तो सांगतो. त्यानं हे लिहिलं सुमारे वीस वर्षांनी, तेव्हा स्मरणाचे दोष धरूनच वाचा. पण ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ ही आपली सोयीची रेघ हा माणूस पुसून टाकतो.

कुणी म्हणेल, मग भाऊंना दोष द्यायचाच नाही का? द्या की! एवढा मोठा यात्रेकरूंचा आणि बायकामुलांचा लवाजमा सोबत होता, तो प्रश्न तेव्हाही डोळ्यांसमोर होता. फक्त निवाडा करताना, त्यांना जे दिसत होतं तेवढंच आपणही समोर ठेवावं.

तो विद्यार्थी पुढे स्वतः फौजेत गेला. फळ्यावरची ती यादी मात्र आम्ही पुन्हा कधी लिहिली नाही.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.