पावसाळ्यात बाईकचा क्लच जड का होतो? केबलमध्ये कोणतं तेल टाकावं?

महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीमार्गे वर यायचं असो किंवा आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरायचं असो, बाईकवाल्याचा डावा हात सतत क्लचवर असतो. नेमक्या याच दिवसांत क्लच जड होतो, ब्रेकचा लिव्हर दाबल्यावर हळूहळू मागे येतो आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी गाडीचा आवाज लगेच उतरत नाही.

मग कुणी केबलमध्ये ग्रीस भरतं, कुणी इंजिनमधून काढलेलं काळं तेल ओततं, कुणी घरातलं खोबरेल सोडतं. दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच सुरू होतं. कारण केबलला तेल लागतं हे खरं असलं, तरी कुठलंही तेल चालत नाही.

केबलच्या आत काय असतं?

बाईकवर जी केबल असते तिला बाउडेन केबल म्हणतात. अर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ मध्ये ब्रिटनमध्ये तिचं पेटंट घेतलं. रचना आजही जवळपास तीच आहे. स्टीलचे बारीक धागे पिळून केलेली तार आत असते आणि ती एका लवचिक नळीतून पुढे-मागे सरकते. नळीत स्टीलचं वेटोळं असतं आणि त्यावर प्लास्टिकचं आवरण.

नळीला जिथे वळण असतं, तिथे आतली तार भिंतीवर दाबली जाते आणि घासते. जितकी वळणं जास्त, तितका हात जड. हे घर्षण कमी व्हावं म्हणून आजच्या बहुतेक केबलमध्ये आतून नायलॉन किंवा टेफ्लॉनसारखं गुळगुळीत अस्तर असतं. जुन्या गाड्यांमध्ये आणि काही स्वस्त केबलमध्ये ते नसतं. तेल निवडताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

पावसाचं पाणी वरच्या टोकातून, म्हणजे लिव्हरजवळून आत शिरतं आणि खालच्या वळणात साचतं. त्यात महाबळेश्वरची जांभ्याची लाल माती मिसळली की आत पॉलिश पेपरसारखं काम करणारा चिखल तयार होतो. पाणी सुकलं तरी गंज मागे राहतो.

काय टाकू नये?

ग्रीस: घट्ट असल्यामुळे ते नळीच्या टोकाशीच राहतं, आतपर्यंत पोहोचत नाही. उलट धूळ-माती धरून ठेवतं आणि थंडीत आणखी घट्ट होतं. ग्रीसची जागा लिव्हरच्या बोल्टवर आणि तारेच्या टोकाच्या धातूच्या गोळ्यावर आहे.

काळं तेल: वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये काजळी आणि धातूचे बारीक कण असतात. हे कण केबल आतून घासतात.

खोबरेल: साधारण २४ अंशांच्या खाली ते गोठतं. महाबळेश्वरात पावसाळ्यातही पारा बहुतेक वेळ त्याखाली असतो, हिवाळ्याची तर गोष्टच वेगळी. बाकीची खाद्यतेलं गोठली नाहीत तरी काही काळानं चिकट होतात.

रॉकेल किंवा पेट्रोल: घाण धुऊन निघते, पण वंगण उरत नाही आणि उघडी पडलेली तार लवकर गंजते. पेट्रोलला आगीचा धोकाही आहे.

चेनचा स्प्रे: चेनवरून उडू नये म्हणून तो मुद्दाम चिकट केलेला असतो. केबलमध्ये तोच चिकटपणा नडतो.

डब्ल्यूडी-४० चालतं का?

नावातल्या ‘डब्ल्यूडी’चा अर्थ पाणी हटवणं असा आहे आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. १९५३ मध्ये अमेरिकेत हा फॉर्म्युला तयार झाला. केबलमधलं पाणी आणि घाण बाहेर काढायला तो उपयोगी आहे. मात्र त्याचा थर पातळ असतो आणि फार टिकत नाही. म्हणून त्यानं केबल साफ करावी आणि नंतर टिकणारं वंगण द्यावं.

मग योग्य काय?

आधी गाडीचं मॅन्युअल पाहावं. काही अस्तरवाल्या केबलना कंपनी तेल टाकायला सांगतच नाही. तसं लिहिलं असेल तर तेच पाळावं.

अस्तर असलेल्या केबलला सिलिकॉन किंवा टेफ्लॉनचा स्प्रे, किंवा केबलसाठीच मिळणारं पातळ वंगण पुरतं, तेही थोडंसं. अस्तर नसलेल्या जुन्या केबलला शिलाई मशीनचं तेल किंवा नवं, स्वच्छ इंजिन ऑइल चालतं. शिलाई मशीनचं तेल सहज आत उतरतं, पण लवकर संपतं. इंजिन ऑइल सावकाश उतरतं, पण जास्त टिकतं.

जोरदार पावसाच्या भागात केबलसाठीचं पाणी रोखणारं तेलकट वंगण कोरडा थर देणाऱ्या स्प्रेपेक्षा सोयीचं पडतं. पावसाळ्याआधी एकदा, मध्ये एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा, असा क्रम ठेवावा.

तेल कसं टाकायचं?

अ‍ॅडजस्टर सैल करून केबलचं वरचं टोक लिव्हरमधून सोडवावं. छोट्या प्लास्टिक पिशवीचा कोपरा कापून ती केबलच्या टोकाभोवती घट्ट बांधावी, म्हणजे नरसाळं तयार होतं. त्यात थोडं तेल ओतून आतली तार वर-खाली करावी आणि केबल उभी ठेवावी. खालच्या टोकातून आधी काळपट पाणी येतं, नंतर स्वच्छ तेल. तेव्हा थांबावं.

ब्रेकच्या केबलला तेल देताना खालचं टोकही सोडवून ठेवावं आणि ओघळ पुसून घ्यावा. ड्रमच्या लायनरवर किंवा डिस्कवर तेल गेलं तर ब्रेक लागणार नाही. डिस्क ब्रेक बहुतेक गाड्यांत ब्रेक फ्लुइडवर चालतो. त्याच्या टाकीत यातलं कुठलंही तेल कधीच टाकू नये.

शेवटी लिव्हरचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे जुळवून घ्यावा.

तेल टाकूनही फरक पडला नाही तर?

टोकाजवळ तारेचा एखादा जरी धागा तुटलेला दिसला, नळी दुमडलेली असेल किंवा आतून गंजाचा चुरा येत असेल, तर केबल बदलणं हाच उपाय आहे. तेलानं तुटलेला धागा सांधला जात नाही. दूरच्या प्रवासाला निघताना सीटखाली एक जादा क्लच केबल ठेवलेली बरी.

अ‍ॅक्सिलरेटरची केबल सगळ्यात आधी तपासावी. गाडी न्यूट्रलमध्ये, मोकळ्या हवेत चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावं. आवाज वाढला तर केबल ओढली जातेय. मूठ फिरवून सोडली की ती झटकन मागे आली पाहिजे. येत नसेल तर ती गाडी घाटात नेऊ नये.

तरीही चालत्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर अडकलाच, तर क्लच दाबून किल स्विच बंद करावा आणि ब्रेक लावावा. स्कूटरला क्लच नसतो. तिला किल स्विच नसेल तर चावी फक्त ‘ऑफ’पर्यंत फिरवावी. हँडल लॉकपर्यंत गेली तर स्कूटर वळवताच येणार नाही.