वीस सेंट आणि एक पत्र

निवडणूक जवळ आली म्हणजे गुळगुळीत कागदावर छापलेली कार्यअहवालाची एक पुस्तिका आमच्याही दारात येऊन पडते. अमुक दवाखान्याला इमारत मिळाली, तमुक पोलीस चौकी मंजूर झाली. आणि पानोपानी आमदारसाहेबांचे छायाचित्र! घरातील मंडळी ती रद्दीत टाकतात, मी मात्र चाळून पाहतो. कारण त्या पुस्तिकेचे कूळ फार जुने आहे, आणि त्या कुळात एका पत्रापायी तुरुंगात गेलेला एक गृहस्थ होऊन गेला आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेची राजधानी फिलाडेल्फियाला होती. काँग्रेसचे सभासद दूरदूरच्या प्रांतांतून टपालगाडीने नाहीतर घोड्यावरून तेथे येत, महिनोन्महिने खाणावळीत राहत, आणि त्यांतले पुष्कळजण आपल्या मतदारांना कामकाजाची हकीकत कळविणारे पत्र छापून गावोगाव धाडीत. सभासदाच्या पत्राला टपालहशील पडत नसे, ही मोठीच सोय. सरकारला मात्र ही पत्रे बोचू लागली. 1797 च्या मे महिन्यात व्हर्जिनियाचे सभासद सॅम्युएल कॅबेल यांच्या पत्रांवर रिचमंडच्या ग्रँड ज्यूरीने ठपका ठेवला. प्रतिनिधी आणि त्याचे मतदार यांच्यामध्ये न्यायालयाने पडावेच का, असे विचारणारा अर्ज खुद्द उपाध्यक्ष जेफर्सन यांनी, आपले नाव पुढे न करता, लिहून दिला. कॅबेलवर खटला झाला नाही. पण पुढे काय वाढून ठेवले आहे याची चाहूल लागली.

1798 चा उन्हाळा आला तो युद्धज्वर घेऊन. फ्रेंच गलबते अमेरिकन व्यापारी जहाजे पकडीत होती, आणि बोलणी करावयास पॅरिसला गेलेल्या वकिलांकडे तेथील मध्यस्थांनी चक्क लाच मागितली होती. देश खवळला. अध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या पक्षाला जिकडेतिकडे फ्रेंच हेर आणि बंडखोर आयरिश दिसू लागले. 18 जूनपासून 14 जुलैपर्यंतच्या चार आठवड्यांत सुरक्षेच्या नावाखाली चार कायदे झाले. परक्याला नागरिक होण्यासाठी पाच वर्षे राहावे लागे, ती चौदा झाली. परदेशीयांना हाकलण्याचे अधिकार अध्यक्षांच्या हाती गेले. (यांपैकी 6 जुलैचा शत्रुदेशीयांविषयीचा कायदा आजही पुस्तकात आहे, 2025 साली त्याचा आधार पुन्हा घेतला गेला.) आणि 14 जुलैचा चौथा कायदा राजद्रोहाचा. सरकार, काँग्रेस किंवा अध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटे व दुष्ट लिखाण केल्यास दोन वर्षेपर्यंत कैद आणि दोन हजार डॉलरपर्यंत दंड. प्रतिनिधिगृहात तो 44 विरुद्ध 41 असा जेमतेम निभावला. मौज अशी की, संरक्षण दिलेल्यांच्या यादीत उपाध्यक्षांचे नावच नव्हते. कारण ते पद विरोधी पक्षाच्या जेफर्सन यांच्याकडे होते!

नंतर दोनच दिवसांनी, 16 जुलैला, त्याच ॲडम्स यांनी त्याच लेखणीने म्हणा ना, आणखी एका कायद्यावर सही केली. तो आजारी आणि पंगू खलाशांसाठी होता. खलाशाचे दुखणे म्हणजे बेवारशी दुखणे. बंदरात तापाने फणफणला तर घर शेकडो कोस दूर, आणि गावच्या अनाथगृहालाही तो नकोसा. फिलाडेल्फियाने तर 1793 च्या पीतज्वरात सुमारे पाच हजार माणसे गमावली होती, तेव्हा बंदरातला ताप म्हणजे काय हे सभासदांना सांगावे लागत नव्हते. कायद्याने ठरविले की प्रत्येक खलाशाच्या पगारातून दरमहा वीस सेंट कापावेत, कप्तानाने ते जकात अधिकाऱ्याकडे भरावेत, आणि त्या पैशातून रुग्णालयाची सोय व्हावी. इंग्लंडात ग्रिनिचच्या रुग्णालयासाठी खलाशाकडून दरमहा सहा पेन्स घेत, त्याचाच हा अवतार. खर्च सोसावयाचा तो खलाशानेच, हे खरे. तरी माणसाच्या दुखण्याशी मध्यवर्ती सरकारचा संबंध आहे, एवढे त्या देशात प्रथमच कबूल झाले. तेथील आजचे सार्वजनिक आरोग्य खाते आपला जन्म याच कायद्यापासून मोजते.

आता आमचा गृहस्थ. मॅथ्यू लायन हा आयर्लंडमधून पोरवयात आलेला, प्रवासखर्च फेडण्यासाठी करारावर राबलेला, पुढे व्हरमाँटमध्ये फेअर हेवन गाव वसवून काँग्रेसवर निवडून आलेला. माणूस गोड मात्र मुळीच नव्हता. 1798 च्या जानेवारीत ग्रिस्वोल्ड नावाच्या सभासदाने जुनी बदनामी उकरून काढली, तेव्हा हा भर सभागृहात त्याच्या तोंडावर थुंकला. पंधरवड्याने ग्रिस्वोल्डने छडीने झोडपले आणि याने शेगडीचा चिमटा उचलला. आपल्या विधिमंडळांतल्या गोंधळाने ज्यांचा जीव हळहळतो, त्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

20 जूनला, म्हणजे राजद्रोहाचा कायदा होण्यापूर्वीच, लायनने व्हरमाँटमधील एका वर्तमानपत्राला पत्र लिहिले. अध्यक्षांना डामडौलाची हाव सुटली आहे आणि लोककल्याण बाजूला पडले आहे, असा त्यातला मथितार्थ. ते छापले गेले 31 जुलैला. तोवर कायदा झाला होता. ऑक्टोबरात रटलंडला खटला उभा राहिला. लायनने स्वतःच बाजू मांडली, आणि न्यायाधीश पॅटर्सन यांनाच विचारले की, आपण अध्यक्षांच्या पंक्तीला जेवला आहात, तेथे डामडौल पाहिला नाहीत काय? शिक्षा झाली: चार महिने कैद, हजार डॉलर दंड, वर खटल्याचा खर्च.

आम्हां मराठी वाचकांना येथे 1897 साल आठवल्यावाचून राहत नाही. त्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला, आणि मुंबई कायदेमंडळाचे सभासद टिळक जुलैत पकडले जाऊन सप्टेंबरात राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांच्या शिक्षेला गेले.

व्हर्जेनिसच्या तुरुंगात लायनची कोठडी दुर्गंधीची, थंडीत शेकोटीवाचूनची. त्याचे चाहते तुरुंग फोडावयास निघाले, त्यांना त्यानेच आवरले. मते द्या म्हणाला. डिसेंबरात तो कोठडीतूनच मोठ्या फरकाने निवडून आला. मित्रांनी वर्गणी करून दंड भरला, आणि 1799 च्या फेब्रुवारीत दाराबाहेर पाऊल टाकताच त्याने जाहीर केले की, आपण काँग्रेसला निघालो आहोत. कारण सभासदाला वाटेत पकडता येत नसे. सभागृहातून त्याला हाकलण्याचा ठराव दोन तृतीयांश मतांअभावी पडला. 1801 मध्ये अध्यक्षपदाचा तिढा छत्तिसाव्या फेरीत सुटला, तेव्हा व्हरमाँटचे मत जेफर्सनच्या पदरात टाकणारा हाच लायन. त्याच वर्षी मार्चमध्ये राजद्रोहाच्या कायद्याची मुदत संपली. वीस सेंटांची कापणी मात्र चालूच राहिली. पुढे तिचे चाळीस सेंट झाले आणि 1884 मध्ये ती बंद झाली.

लायन 1822 साली वारला. 1840 मध्ये काँग्रेसने दंड आणि खर्च मिळून 1,060 डॉलर 96 सेंट व्याजासह त्याच्या वारसांना परत केले.