गुरुजींची यादी

विद्यार्थ्याने आगळीक केली तर तिचा निवाडा कोणी करावयाचा, गुरुजींनी की सरकारने? हा प्रश्न आपल्या देशात उघडपणे उभा राहिला तो १९०५ साली, बंगालमध्ये. लॉर्ड कर्झनच्या फाळणीने तो प्रांत पेटला होता आणि विलायती मालाच्या दुकानांपुढे धरणे धरण्यात शाळकरी मुले आघाडीवर होती.

१० ऑक्टोबरला बंगाल सरकारच्या वतीने कार्लाइलसाहेबांनी जिल्ह्याजिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांना एक परिपत्रक धाडले. त्याचा मतलब असा : शाळांनी मुलांना चळवळीतून आवरावे, न आवरल्यास अनुदान, शिष्यवृत्त्या आणि विद्यापीठाची मान्यताही जाईल. मुले जुमानीत नसतील तर शाळाचालकांनी त्यांच्या नावांची यादी कलेक्टरकडे द्यावी. प्रसंग पडल्यास शिक्षकांनाच खास पोलीस शिपाई नेमण्याची धमकीही त्यात होती.

हा विधिमंडळात संमत झालेला कायदा नव्हे, नुसता हुकूम होता, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. त्याचे सारे बळ अनुदानाच्या थैलीत होते. शाळा चालवावयाची तर नावे द्या, असा हा सौदा. आणि ज्या मुलाचे नाव जावयाचे, तो त्याच गुरुजींपुढे रोज धडा घ्यावयास बसणार!

लोकांनी उत्तर दिले. कलकत्त्यात ४ नोव्हेंबरला परिपत्रकविरोधी संस्था निघाली. रंगपूरच्या मुलांना दंड झाला, तेव्हा तेथील लोकांनी त्याच महिन्यात स्वतःची राष्ट्रीय शाळा काढली. १९०६ साली राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली आणि बडोद्याची नोकरी सोडून गेलेले अरविंद घोष तिच्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. आपल्याकडील प्रा. विजापूरकरांचे समर्थ विद्यालय याच लाटेतले. सरकारने ते १९१० साली बंद पाडले.

मग शाळेने सरकारला काहीच कळवू नये काय? तसे म्हणता येणार नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पोलिसांना वर्दी दिलीच पाहिजे, असे २०१२ चा पोक्सो कायदा सांगतो, आणि ते योग्यच आहे. तेथे वर्दी दिली जाते ती लेकराच्या रक्षणासाठी. कार्लाइलची यादी मागितली होती ती राज्याच्या रक्षणासाठी. शाळेकडून नावे मागणारा कोणताही नियम पुढे आला, की आपण प्रथम हेच विचारावे : ही वर्दी कोणाला राखण्यासाठी?